नवव्या पानावरचे हात

तुम्ही लिहिलेल्या एका ओळीमुळे उद्या कुणाचा हात मोडणार असेल, तर ती ओळ आज तुम्ही खोडाल का? लगेच हो म्हणू नका. ओळ चांगली आहे असं धरा. तुमच्या आजवरच्या लिखाणातली सगळ्यात चांगली. ज्यांच्या मताला तुम्ही मान देता त्यांनी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. आणि मुख्य म्हणजे ती खरी आहे.

माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. खरं लिहिणाऱ्याला घाबरायचं कारण नसतं, असं मला ठाम वाटायचं. हे मी पत्रकांतून शिकले होते. आमच्या घरात पुस्तकं थोडी, पत्रकं भरपूर. जेवताना ताटाखाली मागच्या महिन्याचं उरलेलं पत्रक असायचं, आणि आमटी सांडली तर 'कामगार बंधूंनो' हे शब्द आधी भिजायचे. आबा, म्हणजे माझे वडील, मुलुंडला आग्रा रोडवरच्या एका पंपाच्या कारखान्यात टर्नर होते, लेथवर लोखंड कातायचे, आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. आई भांडुपला औषधांच्या पॅकिंगला जायची. ती कामावरून आली की आबा तिला मसुदा वाचून दाखवायचे.

पत्रकाचे त्यांचे नियम ठरलेले होते. वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे. 'कदाचित' हा शब्द चालणार नाही. आणि तिसरा नियम, ज्यावर ही सगळी हकिगत उभी आहे: कुणावर आरोप करायचा तर त्याचं नाव घालायचं नाही, कारण नावामागून वकिलाची नोटीस येते. नावाऐवजी एक तपशील द्यायचा, असा की ज्याला कळायचं त्याला कळेल. आईने मसुदा ऐकून "कोण हा?" असं विचारलं, तर तपशील कच्चा. ती नुसती "हं" म्हणाली, तर पक्का.

मी सोळाची असताना कारखान्यात बारा दिवसांचा एक छोटा संप झाला. तेव्हा स्टोअरमधला एक माणूस मागच्या दाराने आत जायचा. आबांना तपशील सुचत नव्हता. मी म्हटलं, त्याच्या छत्रीची मूठ पांढरी आहे. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेत पहिला नंबर आल्यावरही कुणी तसं पाहिलं नव्हतं. पत्रकात ओळ आली: 'पांढऱ्या मुठीच्या छत्रीखाली काळं मन लपत नाही.' तिसऱ्या दिवशी बाजाराच्या मागे कुणीतरी त्या माणसाला गाठून त्याचं मनगट मोडलं. पुढच्या आठवड्यात तो मला रेशनच्या रांगेत दिसला. हात गळ्यात, पिशवी दाताने धरून कार्ड काढत होता. छत्री नव्हती.

"आपण मारायला सांगितलं नव्हतं," आबा म्हणाले.

मीही तसंच म्हणाले. पण त्यानंतर कितीतरी दिवस पांढरी मूठ दिसली की मी रस्ता ओलांडायचे.

मग मोठा संप आला. त्याच्या सहाव्या महिन्यात मी माझी पहिली गोष्ट लिहिली. गोष्ट एका संपफोड्याची होती. आमच्या वसाहतीच्या विहारामागच्या खोलीत वाचनालय होतं, तिथे रविवारी आम्ही पाच-सहा जण लिहिलेलं वाचून दाखवायचो. वाचनालय सांभाळणाऱ्या बाई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी माझी गोष्ट डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, "हा तुझा माणूस सकाळी गेटमधून आत जातो, संध्याकाळी बाहेर येतो. नंतर कुठे जातो गं?"

"तो फितूर आहे, बाई."

"ते त्याचं काम झालं. माणूस कुठाय?"

"फितुराला माणूस कशाला दाखवायचा?"

"मग गोष्ट कशाला लिहितेस? पत्रक लिही, तुझ्या घरचाच धंदा आहे." बाकीचे हसले. मला राग आला. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "आणि यात संघर्ष कुठे आहे?"

"सगळी गोष्टच संघर्षाची आहे. संप आहे, मालक आहे, पोलीस आहेत."

"ते भांडण. भांडण तर आपल्या नळावर रोज होतं. ह्याला आत जाताना एकदा तरी मागे फिरावंसं वाटतं का, ते सांग. वाटत नसेल तर हा लाकडाचा आहे, आणि लाकडाशी लढून तुझे कामगार काय मोठे होणार?"

मी तणतणत घरी आले. पण बाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना. तो नंतर कुठे जातो? मग मी शोधायला लागले, आणि शोधायचं म्हणजे काय, तर ओट्यावर बसून बघायचं.

आमची बैठी चाळ डोंगराच्या पायथ्याशी होती. बारा घरांना एक नळ. आमच्या शेजारी मालवणकडचं एक जोडपं राहायचं. काका आबांच्याच कारखान्यात, आबांच्या पुढच्या लेथवर. काकी मला लहानपणापासून 'चेडवा', म्हणजे पोरी, म्हणायच्या. संप लागल्यावर प्रत्येकाने काही ना काही बाहेरचं काम धरलं होतं. काका म्हणायचे, मढला शूटिंगच्या बंगल्यांत सुतारांच्या हाताखाली जातो. त्यांना सगळे चिडवायचे, "काय काका, हिरॉइन दिसली का आज?" काका म्हणायचे, "पाठमोरी."

एका संध्याकाळी मी ओट्यावर होते. काका आले, पिशवी दाराशी ठेवली आणि नळावरच्या बायका जाईपर्यंत थांबले. मग उकिडवे बसले. डब्यातली राख घेतली आणि लिंबाचं साल. आधी तळवे घासले, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख सालीत खुपसून फिरवलं. हात धुतले. मग हात नाकाशी नेऊन हुंगले. आणि पुन्हा राख घेतली.

मी आत जाऊन तसंच्या तसं लिहिलं. माझा फितूर संध्याकाळी नळावर हात घासतो, हुंगतो, पुन्हा घासतो, कारण वास गेला नाही तर आपण पकडले जाऊ या भीतीने तो गारठलेला आहे. बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली. म्हणाल्या, "आता हा दिसला."

आज कुणी विचारेल, सुतारकामाने कुणाचे हात इतके काळे होतात का, हे तुला कळलं कसं नाही? खरंच नाही कळलं. मी टर्नरची मुलगी. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापल्यावर उडणारी काळी पूड हातांच्या रेषांत कशी बसते, हे आबांच्या हातांवर जन्मभर पाहिलेलं. संपाच्या सहाव्या महिन्यात चाळीतल्या सगळ्या पुरुषांचे हात स्वच्छ झाले होते, आबांचे तर भटजीसारखे, असं आई म्हणायची. सगळं समोर होतं. पण मला हात दिसतच नव्हते. मला फक्त ओळ दिसत होती.

संपाच्या काळात युनियन एक छोटा अंक काढत होती. गोष्टी, कविता, हिशेब, घोषणा असं सगळं त्यात. आबांनी माझी गोष्ट त्यात घेतली. शुक्रवारी युनियनच्या खोलीत बसून मी स्वतः स्टेन्सिलच्या मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने ती कोरली. नवव्या पानावर नळाचा प्रसंग आला. आबा वाचून म्हणाले, "हात हुंगतो. वा. बीड असंच असतं, सुटतच नाही." एका कारागिराने दुसऱ्याला द्यावी तशी दाद होती ती. आम्ही सायक्लोस्टाइल मशीनवर अर्ध्या प्रती काढल्या. माझी नखं शाईने काळी झाली. अर्ध्या दुसऱ्या दिवशी काढायच्या ठरल्या.

शनिवारी सकाळी गेटसमोर ताडपत्रीखाली सभा होती. भाषणांना लोक कंटाळले होते, म्हणून आबांनी माझी गोष्टच वाचायला घेतली. प्रती हातोहात गेल्या होत्या, लोक बोट ठेवून सोबत वाचत होते. मी बाजूला उभी. छाती भरून आली होती, खोटं कशाला सांगू.

नळाचा प्रसंग संपला आणि एक वेल्डर, सगळ्यांना हसवणारा, मध्येच उठून म्हणाला, "चला, हात दाखवा रे सगळ्यांनी. नखं बघू."

हशा झाला. शाळेतल्यासारखे सगळ्यांनी हात पुढे केले. उलटसुलट करून दाखवले. "ह्याचे बघ, नवरीसारखे झालेत." "मेंदी काढ ना यार." आणि मग, मला नेमकं सांगता येणार नाही कधी, पण हसणं उतरलं. माणसं खरंच एकमेकांचे हात बघायला लागली.

मागून एक म्हातारा म्हणाला, "पोरीनं हे कुठून आणलं?"

"मनातून," दुसरा म्हणाला.

"मनातून काय येतंय. हुंगतो म्हणे. बघितल्याशिवाय कोण लिहील असं?"

वेल्डरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आवाज बदलला होता. "नळ लिहिलाय ना, एकच नळ. म्हणजे चाळीतलाच आहे कुणी. तपशील दिलाय आबांच्या पोरीनं, आपण समजून घ्यायचं. आज संध्याकाळी बसू या नळावर. जो येईल त्याचे हात बघू."

त्या क्षणी मला ते हात दिसले. राख, लिंबाचं साल, नख. आणि त्या हातांमागे काकांचं तोंड. तोपर्यंत, शपथ घेऊन सांगते, माझ्या फितुराला तोंड नव्हतं.

या माणसांची चूक नव्हती. आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं असं वाचायला शिकवलं होतं. नाव नाही, पण तपशील आहे, म्हणजे माणूस शोधायचा. मी गोष्ट लिहिली होती. त्यांनी पत्रक वाचलं.

आबा माझ्याजवळ आले. हळू विचारलं, "कुणाचे?"

"कुणाचे नाहीत. मनातलं आहे."

"मला सांगतेस?"

"हो, आबा. मनातलं आहे."

रेशनच्या रांगेतला तो माणूस, दातात पिशवी धरलेला, डोळ्यांसमोरून हलेना. मी तिथून निघाले ती सरळ घरी. धावले नाही. धावले असते तर कुणी विचारलं असतं.

काकी दारात सुकट निवडत बसल्या होत्या. मी आत जाऊन दार लोटलं आणि विचारलं, "काकी, काका खरंच मढला जातात?"

त्यांचा हात सुपात थांबला. "कित्याक गो?"

मी सगळं सांगितलं. माझीच गोष्ट मी त्यांना अशी सांगितली, जशी पोलिसाला गुन्हा सांगतात. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या घोवाचे हात लिवलंस तू? आणि माका वाचून पण नाय दाखवलंस?"

"काकी, ते कुठे जातात?"

"साकीनाक्याक. एका शेडीत लेथ आसा." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पयल्यांदा म्हायत नव्हता गो. बाहेरचा काम म्हणून धरल्यानी. मगे चार दिवसांनी बघतत तर जॉब, पंपाचो भाग, आपल्याच कंपनीचो. मालकानं भायेर दिलेलो. त्या रात्री जेवक नाय."

"मग सोडलं का नाही?"

"सोडल्यानी. दोन दिवस घरात बसले. हात नुसते मांडीवर ठेवून. तिसऱ्या दिवशी परत गेले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू हुशार ना? तूच सांग, कित्याक गेले ते?"

मला दोन गोष्टी एकाच वेळी वाटत होत्या. एक म्हणजे काका संप फोडत होते. गेटमधून आत गेले नाहीत म्हणून काय झालं? सहा महिने उपाशीपोटी बसलेल्या माणसांचं काम ते साकीनाक्याला करत होते. हे चूक होतं, मला आजही चूक वाटतं. आणि दुसरी म्हणजे आज संध्याकाळी नळावर त्यांचं मनगट मोडेल आणि ते मी मोडलेलं असेल. बाई ज्याला संघर्ष म्हणत होत्या तो मी पानावर शोधत होते. आता तो माझ्या शेजारच्या घरात बसला होता.

"ते किती वाजता येतात?"

"साडेपाच. आपल्या स्टॉपवर उतरणत नाय. एक आधी उतरतत."

मी साडेचारपासून त्या स्टॉपवर उभी राहिले. समोर एका गॅरेजमध्ये कुणीतरी हातोडी मारत होतं, त्या प्रत्येक ठोक्याला मी दचकत होते. चार बस गेल्या. पाचवीतून काका उतरले. मला बघून थांबले.

"काय गं, इकडे? कॉलेजला दांडी?"

मी सांगितलं. बोलता बोलता त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. बहुतेक त्यांना कळलंही नसेल.

"नाव घातलंस?"

"नाही, काका."

"नुसते हात."

"हो. ते बसलेत नळावर. तुम्ही कांदिवलीला भावाकडे जा. दोन दिवस येऊ नका."

काकांनी बस गेली त्या दिशेला पाहिलं. "आज नाही आलो तर झालंच. पळाला त्याचे हात बघावे लागत नाहीत."

ते बरोबर होतं. मी खाली बघत उभी राहिले आणि माझी स्वतःची नखं मला दिसली. काळी. कालच्या छपाईची शाई, साबणाने न गेलेली. अर्ध्या प्रती अजून काढायच्या होत्या.

"काका, मशीन फिरवाल?"

युनियनची खोली एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या मागे होती. आम्ही मागच्या वाटेने गेलो. मी स्टेन्सिल चढवलं, शाईची ट्यूब पिळली, जरा जास्तच. काकांनी हँडल धरलं. दोन फेऱ्यांत म्हणाले, "रोलर सैल आहे. कोण वापरतं हे?" आणि चाकूच्या टोकाने स्क्रू आवळला. त्यानंतर पानं अशी सुटायला लागली, जशी आम्ही कधी काढली नव्हती. त्यांना मुद्दाम काही करावं लागलं नाही. शाई त्यांच्या बोटांवर, तळव्यांवर, मनगटापर्यंत चढली. जुन्या काळ्यावर नवं काळं.

सातवं पान झालं. आठवं झालं. नववं स्टेन्सिल चढवून मी हँडल धरलं. मी म्हटलं, "हे मी फिरवते."

"राहू दे."

पहिली प्रत सुटली ती त्यांनी उचलली आणि खिडकीपाशी नेऊन वाचली. सावकाश, ओठ हलवत. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. कुणीतरी आपली गोष्ट वाचत असताना समोर उभं राहणं अवघड असतं. ती गोष्ट ज्याच्यावर आहे तोच वाचत असेल तर काय होतं, ते मी सांगू शकत नाही.

"हुंगतो, हे बरोबर आहे," ते म्हणाले. "पण भीतीने हुंगतो, असं लिहिलंस."

"मग?"

"भीती असते. पण हुंगतो ते त्यासाठी नाही." त्यांनी हात नाकाजवळ नेला. तिथे आता शाई होती. तोंड वाकडं करून त्यांनी हात खाली घेतला. "अठ्ठावीस वर्षं तोच वास. बरं वाटतं गं. घरात बसलो तेव्हा झोप यायची नाही. हात धुवायच्या आधी एकदा घेतो. मग तो जायला पाहिजे म्हणून घासतो."

मी मशीनवरचा पुढचा कागद सरळ केला.

"तो पीस हातात आला ना पहिल्यांदा," ते म्हणाले, "आधी बरं वाटलं. आपला जॉब. मग कळलं, आपला जॉब."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पत्रकांवर वाढले होते. म्हणाले, "काका, तरी हे चूक आहे. तुम्ही संप फोडताय."

"माका म्हायत हा."

"मग बाहेर जाऊन सांगा ना सगळ्यांना."

"तू सांग," ते शांतपणे म्हणाले. "पत्रक तुझं आहे."

आणि बाहेर पावलं वाजली.

वेल्डर पुढे होता, मागे चार-पाच जण, आणि सगळ्यात मागे आबा, उरलेल्या प्रती काढायला आलेले. काकांना बघून वेल्डर थबकला. "अरे काका, तुम्ही इकडे? आम्ही तिकडे नळावर तुमची वाट बघतोय."

"हिने मशीनवर बसवलंय," काका म्हणाले.

"मढहून थेट?"

"थेट."

"बघू हात."

काकांनी हात पुढे केले. मनगटापर्यंत काळे. मी माझेही पुढे केले, कुणी मागितले नव्हते तरी. कुणीतरी हसलं, "शाई आहे यार, सोड." पण वेल्डर हलला नाही. "शाईच्या खाली काय आहे?" तो म्हणाला. "बीड असलं तर? आबा, तुम्ही टर्नर. तुम्हाला वासावरून कळेल."

सगळे बाजूला झाले. आबा पुढे आले. त्यांनी काकांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, पालथा केला, पुन्हा उताणा केला. अंगठ्याने तळव्यावरची रेघ दाबली. मग मान खाली घालून हुंगले.

आबा कधीही खोटं बोलत नसत. सभेत टाळ्यांसाठीसुद्धा नाही. संपात किती लोक उरले हा आकडा फुगवून सांगा म्हटलं तर ते पत्रक लिहायला नकार देत. आणि बिडाचा वास त्यांना कळणार नाही, हे शक्य नव्हतं. सहा महिने जो वास त्यांच्या हातांना आला नव्हता, तो त्यांच्या नाकाशी होता. त्यांनी डोळे मिटले. एक क्षणभर मला वाटलं, ते हात सोडणार नाहीत, असेच धरून राहतील.

"शाई," आबा म्हणाले.

"नीट बघा, आबा."

"जन्म गेला माझा बीड कापण्यात. शाई आहे." त्यांनी हात सोडला. "आता उभे राहू नका. पानं लावा, उद्या वाटायची आहेत."

वेल्डरने एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग पानं लावायला बसला. उरलेली पानं काढून झाल्यावर काकाही बसले. त्या लोकांच्या बोटांनाही शाई लागली आणि अर्ध्या तासाने त्या खोलीत स्वच्छ हाताचं कुणीच उरलं नाही.

सगळे गेल्यावर आबा काकांना एवढंच म्हणाले, "सोमवारपासून नको." काका "बरं" म्हणाले. मग आबांनी मशीनवरून नववं स्टेन्सिल काढलं, फाडलं आणि आज छापलेल्या प्रत्येक प्रतीत ती ओळ ब्रशने काळी करायला मला बसवलं. मी एकेक करून केली. काकांनी सांगितलेली दुरुस्ती तिथे लिहावी असं मला फार वाटलं. ती माझ्या ओळीपेक्षा कितीतरी चांगली होती. तीच गोष्ट होती. पण मी नाही लिहिली.

घरी जाताना आबा म्हणाले, "आज मी खोटं बोललो."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही. त्या छत्रीमुळे."

सोमवारी काका कुठे गेले ते मला माहीत नाही. मी ओट्यावर बसले नाही. मुद्दाम बसले नाही. बघणं हे लिहिणाऱ्याचं काम आहे, असं बाई म्हणायच्या, आणि ते खरंच आहे. पण त्या आठवड्यात मी दार लावून अभ्यास केला.

संप नंतर विझला. काहींना कामावर परत घेतलं, बऱ्याच जणांना नाही. ज्यांना घेतलं नाही त्यांच्या घरांत अजूनही प्रश्न धुमसतो आहे, कुणामुळे हरलो? त्यांना उत्तर म्हणून मालक दूरचा वाटतो. जवळचा माणूस हवा असतो. मी अजून गोष्टी लिहिते. अन्याय करणाऱ्याला माफ करा असं मी कुठल्याच गोष्टीत म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण दुष्ट माणूस लिहायला बसले की आता लेखणी अडते. तपशील सापडला की आधी आनंद होतो आणि लगेच मागोमाग भीती येते. हा तपशील माणूस दाखवतोय की माणसाकडे बोट दाखवतोय? दोन्ही ओळी दिसायला सारख्याच असतात. मला अजूनही प्रत्येक वेळी ओळखता येत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण सांगते. गेल्या वर्षी बोरिवलीला एका लग्नात त्या सभेतला एक माणूस भेटला. जिलेबीचं ताट हातात घेऊन म्हणाला, "तुझं नववं पान मी जपून ठेवलंय बरं का, त्या सकाळच्या अंकातलं. आता तरी सांग ना, हात कुणाचे होते?" तो हसत होता. वेल्डरही आधी हसतच होता. मी म्हटलं, मनातले. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "बघितल्याशिवाय असं कोण लिहील." म्हणजे त्या सकाळी वाटलेल्या प्रती अजून आहेत. ती ओळ अजून हिंडते आहे.

या लेखातलं बरंच मी बदललं आहे. राख आणि लिंबू नव्हतं, दुसरं काही होतं. शेड साकीनाक्याला नव्हती. काका-काकी मालवणचे होते की नव्हते, ते मी सांगणार नाही. तेव्हा इथून कुणाला शोधायला निघू नका, कुणी सापडणार नाही. पण त्या संपाच्या सहाव्या महिन्यातला, ढिल्या शिलाईचा, पिवळ्या कव्हराचा तो अंक तुमच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर, आजोबांच्या कागदांत असेल, तर एक काम करा. नववं पान काढा. हातांची ओळ तुम्हाला लगेच सापडेल. खोडण्याआधी तुम्ही ती वाचाल, हे मला ठाऊक आहे. वाचा. मग जाड, काळी शाई घ्या आणि ती ओळ संपूर्ण झाकून टाका, कागद उजेडात धरला तरी दिसू नये इतकी. बोटांना शाई लागली तर लागू द्या.